नगरपरिषदेच्या सभेत अर्ध्या तासात चाळीस विषय मंजूर होतात, मग तिथे खरंच काही ठरतं का?

ठरतं, आणि बरंच ठरतं. फक्त तुम्ही बसलात त्या अर्ध्या तासात ते ठरत नाही.

तुम्ही लिहिलंय की इतक्या वर्षांनी निवडून आलेल्या सभागृहाची सभा बघायला हौसेने गेलात, चाळीसेक विषय 'मंजूर, मंजूर' करत संपले, वाद झाला तो एका चौकाच्या नावावरून, आणि घरी येताना वाटलं की हे सगळं नाटक आहे. मी एका 'ब' वर्ग नगरपरिषदेत सभा लिपिक होतो. विषयपत्रिका टाइप करायची, नोटिसा बजावायच्या, सभेत कोपऱ्यातल्या टेबलावर बसून टिपणं घ्यायची आणि मागाहून इतिवृत्त, म्हणजे सभेची अधिकृत नोंद, लिहायचं, हे माझं काम. नोकरी संपली, खोड गेली नाही. अजूनही कुठल्या गावची विषयपत्रिका हाती पडली की मी पहिला विषय वाचतो आणि मग थेट शेवटच्या पानावर जातो.

पहिला विषय जवळपास सगळीकडे एकच असतो: 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.' तो वाचत कोणीच नाही. लोक खुर्च्या सरकवत असतात, चहा फिरत असतो आणि कोणीतरी 'कायम' म्हणतं. पण सभेत 'मंजूर' असा नुसता आवाज उठतो, ठरावाचा मजकूर तेव्हा तयार नसतो. तो नंतर लिहिला जातो. विषयावर कार्यालयाने तयार केलेली टिपणी असते, एखाद्या सदस्याने दिलेली सूचनेची चिठ्ठी असते, सूचक-अनुमोदकांची नावं असतात, यांतून ठराव उभा राहतो. सभेत ठरलं की अमुक गल्लीतली पाइपलाइन बदलावी. ठरावात मात्र कधी कधी उतरतं, 'तसेच लगतच्या परिसरातील आवश्यक कामांचाही समावेश करण्यात यावा व पुढील सर्व कार्यवाहीचे अधिकार मा. नगराध्यक्ष व मुख्याधिकारी यांना देण्यात येत आहेत.' लगतचा परिसर म्हणजे कुठपर्यंत? 'पुढील सर्व कार्यवाही' म्हणजे काय काय? तो मजकूर सगळ्यांसमोर येतो पुढच्या सभेत, विषय क्रमांक १ म्हणून. तिथे कोणी तोंड उघडलं नाही तर तोच कायम. इतिवृत्तात 'सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन' असं एक वाक्य सर्रास असतं. चर्चा झाली असो वा नसो, ते असतंच. मी किती वेळा लिहिलं असेल, देव जाणे.

मधले बरेचसे विषय खरोखर नेहमीचे असतात. शववाहिकेची दुरुस्ती, जंतुनाशक पावडर, आठवडे बाजाराच्या वसुलीचा ठेका, मोकाट कुत्र्यांचं निर्बीजीकरण, पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई, गणेश विसर्जनाचे कृत्रिम हौद. यावर अर्धा तास सोडा, पाच मिनिटंही भांडू नये. ते झटपट मंजूर होतात याचा तुम्हाला राग आला असेल तर माझं मत उलट आहे. व्हायलाच हवेत. चौकाच्या नावावर एवढी रणधुमाळी का, याचं उत्तरही साधं आहे: त्यावर बोलायला फाईल वाचावी लागत नाही.

काही विषय मात्र या नेहमीच्यांचेच कपडे घालून येतात. 'मुदतवाढ' हा त्यांतला एक. घंटागाडीचा किंवा दिवाबत्तीचा ठेका अमुक तारखेला संपणार हे करार झाला त्या दिवसापासून ठाऊक असतं. तरी मुदत संपते तेव्हा निविदा 'प्रक्रियेत' असते आणि जुन्याच ठेकेदाराला तीन महिन्यांची मुदतवाढ दिली जाते. मग आणखी तीन. दर ठरला तेव्हाचा आणि आजचा बाजारभाव कोणी ताडून बघत नाही, कारण निविदाच उघडलेली नाही. कधी खरंच अडचण असते, कोणी निविदा भरत नाही, कोर्टात स्थगिती असते. पण विषयपत्रिकेवर हा शब्द दिसला की मी आधी बघायचो, ही कितवी.

'कार्योत्तर मंजुरी' म्हणजे काम आधी झालं, पैसा खर्च झाला, आता सभागृहाने हो म्हणायचं. ऐन मे महिन्यात गावाचं पाणी उपसणाऱ्या जॅकवेलची मोटर जळाली तर मुख्याधिकारी सभेची वाट बघत बसणार नाही, आणि बसूही नये. सर्वसाधारण सभेला पूर्ण सात दिवसांची नोटीस लागते, विशेष सभेला तीन दिवसांची. तोवर गाव कोरडं राहील. त्या विषयाला माझी हरकत नसायची. पण कार्यक्रमाचा मंडप, स्टेज आणि ध्वनिक्षेपक यांचं बिल त्याच वाटेने आलं तर विचारायला हवं की कार्यक्रमाची तारीख काय आदल्या रात्री कळली होती?

तिसरी गोष्ट तुकड्यांची. एकाच रस्त्याचं गटार तीन विषयांत विभागलेलं दिसेल: अमक्याच्या घरापासून तमक्याच्या दुकानापर्यंत, तिथून मंदिरापर्यंत, मंदिरापासून नाल्यापर्यंत. ज्या रकमेपासून ऑनलाइन जाहीर निविदा काढावी लागते, त्या ई-निविदेच्या मर्यादेखाली प्रत्येक तुकडा बसतो. विषयपत्रिकेत ते शेजारी शेजारी असतीलच असं नाही, एक १२ वर असेल, दुसरा ३१ वर. म्हणून नकाशा डोक्यात ठेवून वाचावं लागतं. तुम्ही गावातलेच आहात, म्हणजे हे काम तुम्हाला बाहेरच्या कुठल्याही ऑडिटरपेक्षा चांगलं जमेल.

आणि शेवटचं पान. तिथे असतं 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. काही गावांत त्यांना ऐनवेळचे विषय म्हणतात. हे सात दिवस आधी कोणालाच कळलेले नसतात, नगरसेवकांनाही नाही. तातडीच्या गोष्टीसाठी ठेवलेली ही खिडकी आहे, आणि तिच्यातून काय काय आत येतं ते इतिवृत्त हाती आल्यावरच कळतं. ज्या सभेत आयत्या वेळचे विषय मूळ विषयांइतके झाले, त्या सभेची विषयपत्रिका आधी मिळूनही उपयोग नव्हता असं समजा.

इथवर मंजूर होणाऱ्या गोष्टी झाल्या. माझ्या मते गावाचं जास्त नुकसान मंजूर न झालेल्या विषयांत असतं, आणि ते प्रेक्षकांत बसून कधीच दिसत नाही.

विषयपत्रिकेत कधीतरी असं काही आढळेल: 'सर्व्हे नं. अमुकमधील आरक्षण क्र. तमुकबाबत महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चे कलम १२७ खालील प्राप्त सूचनेवर विचार करून निर्णय घेणे.' वाचून झोप येते. अर्थ असा की विकास आराखड्यात कुणाच्या तरी जमिनीवर क्रीडांगण, बाग, शाळा किंवा भाजी मंडईचं आरक्षण आहे. आराखडा अमलात येऊन १० वर्षं झाली, नगरपरिषदेने जमीन घेतली नाही, म्हणून मालकाने नोटीस दिली आहे: घ्या, नाहीतर सोडा. नोटिशीपासून २४ महिन्यांत जमीन संपादन झाली नाही किंवा त्या दिशेने पाऊलही उचललं गेलं नाही, तर आरक्षण आपोआप व्यपगत होतं, म्हणजे उठतं. मालकाच्या बाजूने बघितलं तर यात अन्याय नाही. दहा वर्षं त्याची जमीन अडकवून ठेवायची आणि पैसे द्यायचे नाहीत, हे किती काळ चालणार?

आता सभेत काय होतं ते बघा. क्रीडांगण नको असं कोणीही म्हणत नाही. विरोधात मतदान होत नाही. कोणीतरी म्हणतं, 'विषय महत्त्वाचा आहे, सखोल माहिती घेऊन पुढील सभेत ठेवावा.' सगळे माना डोलावतात. तहकूब. पुढच्या सभेत मोजणीचा नकाशा नाही म्हणून तहकूब. मग आचारसंहिता लागते. मग निधी नाही म्हणून शासनाकडे मागणी करावी असा ठराव होतो, तो चांगला वाटतो आणि त्यात आणखी सहा महिने जातात. २४ महिने कोणासाठी थांबत नाहीत. एके दिवशी त्या जागेवर पत्रे लागतात, इमारतीचा फलक उभा राहतो आणि लोक विचारतात, मैदान कोणी विकलं? कोणीच विकलेलं नसतं. सगळी इतिवृत्तं तपासा, एकाही नगरसेवकाच्या नावावर काही सापडणार नाही. ज्याला जमीन सुटावी असं वाटत होतं त्याचं काम झालं, आणि ज्याला मैदान वाचावं असं वाटत होतं तोही म्हणायला मोकळा की मी तर विषयाच्या बाजूनेच होतो.

खरी अडचण पैशाची आहे, हेही सांगितलं पाहिजे. भूसंपादनाचा भाव छोट्या नगरपरिषदेला झेपत नाही. पंधराव्या केंद्रीय वित्त आयोगाचे (२०२१ ते २०२६) पैसे आले, पण आपल्यासारख्या गावांसाठी त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता, त्यातून मैदान घेता येत नव्हतं. जमिनीच्या मोबदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर), म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा जादा बांधकामाचा हक्क, देता येतो, मात्र बाजारात त्याला गिऱ्हाईक नसलेल्या गावात मालक तो कशाला घेईल? म्हणजे दहा आरक्षणांपैकी दोनच वाचवता येतील, अशी वेळ येते. ठीक आहे. मग कोणती दोन, हे सभागृहाने उघड बोलून ठरवावं. तहकुबीने ठरवलं तर वाचणारी दोन कोणाच्या सोयीची असतील, हे मी सांगायला नको.

तुमच्याकडे चार वर्षं सभाच नव्हती, त्याचाही हिशेब इथेच लागतो. २०२१-२२ च्या सुमारास बहुतेक नगरपरिषदांच्या मुदती संपल्या, इतर मागासवर्गीय आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला, आणि २४६ नगरपरिषदा व ४२ नगरपंचायतींचं मतदान झालं ते डिसेंबर २०२५ मध्ये. मधल्या काळात नगरसेवकांच्या जागी शासनाने नेमलेले प्रशासक होते. प्रस्ताव ज्या कार्यालयातून जायचा त्याच कार्यालयात मंजुरीची सही व्हायची. कामं अडली नाहीत, काही ठिकाणी वेगाने झाली, आणि खरं सांगतो, सभेच्या कटकटीशिवाय काम करायला मिळालं म्हणून कार्यालयात सुटकेचा श्वास टाकणारेही होते. पण 'हे का?' असं विचारणारं समोर कोणी नव्हतं. कलम १२७ च्या नोटिसांची मुदत मात्र त्या काळातही चालूच होती. म्हणून चौकाच्या नावाआधी तुमच्या नव्या नगरसेवकांनी प्रशासकीय ठरावांचं रजिस्टर मागवायला हवं होतं. अजूनही उशीर झालेला नाही.

एक गोष्ट नव्या रचनेतली. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडून येतो, त्यामुळे तो एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्यांचं, असं चित्र काही गावांत आहे. तुमच्याकडे तसं असेल तर सभा अर्ध्या तासात संपणार नाही, बघालच. अशा वेळी खरी झटापट विषयपत्रिकेवर काय घ्यायचं आणि काय नाही यावर होते, आणि ती सभागृहात नव्हे, नगराध्यक्षांच्या दालनात होते.

आता तुम्ही काय करायचं. प्रेक्षक म्हणून तुम्हाला बोलता येत नाही, पण कागद मागता येतात. माहितीच्या अधिकारात १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. 'सर्व ठरावांच्या प्रती' असं मागू नका, मोघम अर्ज टोलवायला सोपा जातो. असं लिहा: अमुक तारखेच्या सभेचं इतिवृत्त, विषय क्रमांक अमुकची टिपणी, त्या सभेत आयत्या वेळी घेतलेल्या विषयांची यादी, आणि विकास आराखड्यातल्या आरक्षणांवर कलम १२७ खाली आलेल्या नोटिसांची यादी, प्रत्येक नोटीस मिळाल्याच्या तारखेसह. शेवटची ओळ विसरू नका. तारीख मिळाली की २४ महिने तुम्हीच मोजू शकता.

एखादा ठराव कायद्याविरुद्ध किंवा लोकहिताविरुद्ध वाटला तर नगरपरिषद अधिनियम १९६५ च्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. त्यांच्याकडे लेखी जा, सोबत इतिवृत्ताची प्रत जोडा. वर्तमानपत्रातलं कात्रण जोडून गेलेले अर्ज मी बरेच पाहिले आहेत, ते आमच्याकडेच 'अभिप्रायासाठी' परत यायचे.

आणि इतिवृत्त कायम होण्याआधी त्यावर हरकत घ्यायची असेल तर ती सभागृहात नगरसेवकच घेऊ शकतो. तुमच्या प्रभागात दोघे असतील. दोघांत ज्याला वाचायचा कंटाळा कमी, त्याला गाठा. नोटीस निघाली की चौथ्या-पाचव्या दिवशी जा. त्याआधी त्याने विषयपत्रिकेचं पाकीट उघडलेलं नसतं, आणि सभेच्या आदल्या रात्री पक्षाची बैठक होऊन सगळं ठरलेलं असतं.