खाडीतला तपकिरी प्राणी: मिंक, बीव्हर की आपलाच कुणी?

ताई, ऐरोलीच्या खाडीकाठी संध्याकाळी डोकं वर काढून पोहणारा तपकिरी प्राणी मिंक होता की बीव्हर, असं तुम्ही विचारलंय. लेकाच्या प्रकल्पासाठी दोघांतला फरकही हवाय. खाडीतला प्राणी यांपैकी कुणीच नव्हता. भारताच्या रानावनांत हे दोन्ही प्राणी नाहीत.

दाट तपकिरी केस आणि पाण्यातला वावर यांमुळे दोघं भाऊबंद वाटतात खरे. पण बीव्हर आपल्या घुशीच्या, शेकरूच्या गोतातला कुरतडणारा प्राणी. मिंक पाणमांजराच्या कुळातला, पक्का शिकारी.

लेकाला आधी दात बघायला सांगा. बीव्हरचे पुढचे दात नारिंगी असतात, कारण त्यांच्या बाहेरच्या थरात लोह असतं. दाताची पुढची बाजू कठीण आणि मागची मऊ, त्यामुळे कुरतडता कुरतडता धार लागत राहते. ओठ या दातांच्या मागे मिटतात, म्हणून पाण्याखाली फांदी तोडली तरी तोंडात पाणी शिरत नाही. आणि मासे तो खातच नाही! झाडाची साल, पानं, पाणवनस्पती एवढंच. बांध घालतो तो घराचं दार पाण्याखाली राहावं म्हणून, आणि थंडीत वर बर्फ धरला तरी तळाशी साठवलेल्या फांद्यांपर्यंत पोहता यावं म्हणून. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात असा एक बांध ७०० मीटरहून लांब आहे. १६ ते ३० किलोच्या जनावराचं हे काम आहे, मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

मिंक त्यापुढे चिमुकला, साधारण किलोभराचा. बोटांमध्ये अर्धवटच पडदा, शेपूट केसाळ. बऱ्याचदा काठावरून मासा किंवा बेडूक हेरतो आणि मगच बुडी मारतो, तीही थोड्या सेकंदांची. बीव्हर १५ मिनिटं खाली राहू शकतो. पण बीव्हरच्या तळ्यात मासे-बेडूक वाढले की मिंकचं फावतं, आणि बीव्हरने सोडलेल्या घरात तो बिऱ्हाडही करतो.

केसाळ कातड्यापायी दोघांनीही सोसलंय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-आशियातले बीव्हर जेमतेम १,२०० उरले होते. नंतर संरक्षण मिळालं, माणसांनी त्यांना पुन्हा नदीकाठी नेऊन सोडलं. मिंकचं उलट झालं. युरोपात पाळायला नेलेले अमेरिकन मिंक पिंजऱ्यांतून सुटले आणि ब्रिटनमध्ये नदीकाठच्या व्होल या छोट्या प्राण्यांचा त्यांनी फडशा पाडला. दोष त्या जनावराचा नाही, नेणाऱ्यांचा आहे.

आता तुमचा पाहुणा. घूस उत्तम पोहते, मुंगूसही पाण्यात उतरतं. पुन्हा दिसला तर शेपूट बघा. उंदरासारखी, जवळजवळ केस नसलेली असेल तर घूस. झुपकेदार आणि तोंड निमुळतं असेल तर मुंगूस. बुडाशी जाड, टोकाकडे चपटी, आणि अंग बरंच मोठं असेल तर पाणमांजर असू शकतं. तसं वाटलं तर जवळ जाऊ नका, लांबूनच व्हिडिओ घ्या आणि भरती होती की ओहोटी, तेही लिहून ठेवा.