पाठ आणि खांदा दुखावल्यावर कयाक कोणती घ्यावी?

मणक्यातली गादी सरकून वर्ष झालंय, खांदाही एकदा निखळलाय, आता डॉक्टरांनी वल्हवायला परवानगी दिलीय. तर वर बसायची कयाक (वल्ह्याची चिंचोळी होडी, जिच्या उघड्या पाठीवर बसतात) घ्यावी की आत बसायची (जिच्या पोकळीत पाय घालून बसतात), असं तुम्ही विचारलंय. माझी दुखणीही हीच दोन आहेत. माझं मत: वर बसायची घ्या, पण त्याआधी तिचं वजन बघा.

माझी कंबर पुन्हा धरली ती पाण्यात नाही, गाडीपाशी. 27 किलोची प्लास्टिकची कयाक एकटीने टपावर चढवायला गेले. आधी कमरेत वाकले, मग वजनासकट हात डोक्यावर नेले. पुढचे तीन आठवडे अंथरुणात गेले. तीन मीटरची प्लास्टिकची कयाक साधारण 20 ते 30 किलोची असते. हवा भरायची 12-15 किलोत मिळते, मात्र तिच्याबरोबर बॅटरीवरचा पंप घ्याच, कारण हातपंपावर वाकून वाकून कंबर जाते. प्लास्टिकचीच हवी असेल तर चाकांची ट्रॉली आणि उचलायला दुसरा माणूस, दोन्ही ठरवूनच घ्या. पायाने चालवायच्या कयाकमध्ये खांद्याला आराम मिळतो खरा, पण त्यातल्या बऱ्याच 40 किलोच्या आसपास जातात.

वर बसायची का? गुडघाभर पाण्यात उभं राहून आधी बूड टेकवायचं, मग पाय आत घ्यायचे. आत बसायच्या कयाकमध्ये हातांवर भार घेऊन खाली उतरावं लागतं, तो भार खांद्यावर येतो. उलटली तर मात्र वर बसायच्या कयाकवरही स्वतःला ओढून घ्यावं लागतं. हे कंबरभर पाण्यात, कुणीतरी सोबत असताना आधी करून बघा.

सीटच्या उंच पाठीला भुलू नका. त्यावर रेलून बसलं की कंबर गोल होते. पाय सरळ पसरले तरी तेच होतं, मांडीमागचे स्नायू ताणले जाऊन कंबर मागे खेचली जाते. कमरेच्या खालच्या भागाला घट्ट आधार, बूड कयाकच्या तळापासून थोडं उंच आणि गुडघे किंचित वाकतील असे पुढेमागे सरकणारे पायटेक, एवढं हवंच. दुकानात जमिनीवर ठेवून अर्धा तास तिच्यात बसा. दुकानदाराला घाई असली तर दुसऱ्या दिवशी जा, पण हे टाळू नका.

तोल जाताना हात वर आणि मागे फेकला जातो, आणि निखळलेला खांदा बहुतेकदा त्याच स्थितीत पुन्हा निखळतो. म्हणून न डुलणारी, 75 सेंमीच्या आसपास रुंदीची बघा. त्याहून फार रुंद घेतली तर वल्हं पाण्यात घालायला कोपर उचलावं लागतं. सुकाणू असेल तर फारच चांगलं: वारा बाजूने आला की एरवी एकाच हाताने सारखं वल्हवत दिशा सांभाळावी लागते, आणि तो हात नेमका दुखरा निघतो.

पैसे वाचवायचे तर कयाकवर वाचवा, वल्ह्यावर नको. मिनिटाला 40 वेळा वल्हवलं तरी तासाला 2400 वेळा ते उचललं जातं. ॲल्युमिनियमचं किलोभराचं असतं, कार्बनचं 700-800 ग्रॅमचं. पातं अरुंद घ्या, हात छातीच्या खालीच ठेवा. धड किती वळवायचं हे तुमच्या फिजिओला विचारून ठरवा.

पहिल्या दिवशी वीस मिनिटंच. पायात मुंग्या आल्या किंवा हात बधिर झाला तर लगेच किनाऱ्याला लागा आणि डॉक्टरांना दाखवा. तुमचा खांदा पुढे निखळला होता की मागे, ते कळवा. मागे असेल तर वल्हं ढकलायच्या हाताचं वेगळं बघावं लागेल.