शेकडा दोन की वर्षाला बारा?

प्रश्न : आमच्या बचत गटात कर्जाला शेकडा दोन रुपये महिना व्याज आहे, म्हणजे वर्षाला चोवीस. गावात येणारे एका फायनान्सचे साहेब म्हणतात, ‘आमचं बाराच टक्के.’ मला दोन गाभण शेळ्यांसाठी ३०,००० हवेत. फायनान्सचं स्वस्त ना?
– एक भगिनी, ता. माण, जि. सातारा

उत्तर : ताई, अठरा वर्षं मी गटाचं दप्तर लिहिलं, तरी पहिल्यांदा मीही या बाराला भुलले होते. साहेबांना एवढंच विचारा, ‘फ्लॅट, की उरलेल्या रकमेवर?’ फ्लॅट असेल तर पूर्ण ३०,००० वर वर्षाचं ३,६०० व्याज आधीच धरतात आणि महिना २,८०० हप्ता लावतात. अकराव्या हप्त्याला मुद्दल उरतं ५,०००, व्याज मात्र तेच ३००. हे बारा टक्के खरे साडेएकवीसच्या घरात जातात. शिवाय फाइलचे नि विम्याचे पैसे आधीच कापून घेतात, ते वेगळे.

गटात महिना २,५०० मुद्दल भरलंत तर व्याज पहिल्यांदा ६००, मग ५५०, शेवटी ५०. बेरीज ३,९००. तीनशे जास्त गेले, पण ते गटाच्याच पेटीत, आणि त्यात तुमचाही वाटा. फक्त तुमच्या गटात व्याज उरलेल्या रकमेवरच लावतात ना, ते वहीत बघा.

मला खरी काळजी हप्त्याची वाटते. शेळी व्यायली तरी करडं विकण्याजोगी व्हायला सहा-सात महिने जातात, आणि हप्ता पुढच्याच महिन्यात दारात उभा. शिलाई मशीन असतं तर गोष्ट वेगळी, त्याची कमाई लगेच सुरू होते. मी स्वतः कर्जावर शेळ्या घेतल्या, तेव्हा हप्त्यापायी त्यातली एक शेळीच विकली होती! म्हणून गटाच्या बैठकीत मागा : पहिले सहा महिने फक्त व्याज, मुद्दल नंतर.

गट उमेदचा, म्हणजे राज्य सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातला, आहे का? असेल आणि वह्या, बचत, परतफेड नीट असेल, तर सीआरपी ताईंना, म्हणजे गावात गटांचं काम बघणाऱ्या उमेदच्या ताईंना, बँकेच्या कर्जाचं विचारा. महिला गटांना ३ लाखांपर्यंत ७ टक्के दर आहे. तुमच्या ३०,००० वर व्याज साडेअकराशेच्या आसपास येईल.

तरीही फायनान्सकडे गेलात, तर वर्षाचा एकूण दर लिहिलेलं, आपल्याला कळेल अशा भाषेतलं कार्ड मागून घ्या. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांच्या अशा छोट्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. तारण मागता येत नाही, मुदतीआधी फेडलं तर दंडही नाही.

आणि बाजारात शेळीचे दात बघायला सासूबाईंना बरोबर न्या.