'मृत्युंजय' अर्धंच राहिलंय, चालेल का?

प्रश्न: ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणी आवडतं पुस्तक विचारलं की धडाधड मृत्युंजय, स्वामी, पानिपत अशी नावं पडतात. माझं मृत्युंजय शंभर पानांपुढे जातच नाहीये. शाळेत असताना खूप वाचायचे, आता रात्री मोबाईलच हातात असतो. कुठून सुरू करू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: चालेल की! अहो, ज्यांनी नावं टाकली त्यांना विचारा ते पुस्तक शेवटचं कधी उघडलं होतं. आपण आवडतं म्हणून जे सांगतो ते बहुतेक वेळा मे महिन्याच्या सुट्टीत लोळत वाचलेलं असतं, दुपारभर दुसरा काही उद्योग नव्हता तेव्हाचं. स्वामी १९६२ चं, मृत्युंजय १९६७ चं, पानिपत १९८८ चं, आणि तिन्ही पुस्तकं निवांत बसून वाचायची, तुमच्याकडे आहे झोपेआधीचा अर्धा तास.

त्या अर्ध्या तासात बसेल असं घ्या. श्यामची आई लहानपणी रडारड वाटून सोडलं असेल तर परत बघा, साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, त्यात ४२ रात्री आहेत, रोज एक वाचून पुस्तक मिटायचं. नाहीतर माडगूळकरांची बनगरवाडी, छोटीशीच आहे, धनगरांच्या वाडीवर आलेला पोरसवदा मास्तर, मेंढरं, दुष्काळ, बस्स. माझं मत विचाराल तर जाड कादंबऱ्यांपेक्षा हीच भारी. व्यक्ती आणि वल्ली तर कुठूनही उघडा (फक्त पुलंचा आवाज कानात वाजायला लागतो, त्याला इलाज नाही).

आणि मृत्युंजयच वाचायचं असेल तर कर्णाचा भाग बाजूला ठेवून कुंती बोलते तिथून सुरू करा. कुंती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, त्याचा भाऊ शोण, कृष्ण असे सगळे आपापली बाजू सांगतात आणि महाभारत आपल्याला माहीतच असतं, त्यामुळे काही अडत नाही, कट्टर फॅन चिडतील ते चिडू देत.

पुस्तक शक्यतो लायब्ररीतून आणा. परत करायची तारीख असली की वाचून होतं, विकतचं कपाटात जाऊन बसतं.

प्रश्न: भिलारला खरंच फुकट वाचायला मिळतं का?
— एक वाचक, सातारा

उत्तर: हो. पाचगणीजवळच्या या गावात मे २०१७ पासून लोकांच्या घरांत पुस्तकं ठेवलीत, पण तिथेच बसून वाचायचं असतं, म्हणून कथा किंवा कविता हातात घ्या, कादंबरी संपायच्या आत परतीची गाडी येईल.