आईसाठी टीव्ही रेकॉर्डर: घेण्याआधीचे प्रश्न

गेले काही महिने पत्रांतून एकच गोंधळ येतोय. आईची, आजीची किंवा सासऱ्यांची संध्याकाळची मालिका चुकते, मुलगा रात्री मोबाइलवर ‘टीव्ही रेकॉर्डर’ शोधतो आणि चार दिवसांनी भलतीच वस्तू घरी येते. मग मला फोटो पाठवून विचारतात, हे कुठे जोडायचं? एकेकाला उत्तरं देण्यापेक्षा इथे एकदाच देतो. तीस वर्षं मी दुरुस्तीच्या दुकानात बसतोय, विक्रीच्या नाही. त्यामुळे गोड बोलणं जमणार नाही.

पूर्वीच्या व्हीसीआरसारखा, कुठल्याही टीव्हीला जोडता येणारा स्वतंत्र रेकॉर्डर मिळेल का? (नाशिक)

आपल्याकडे आता नाही. व्हीसीआरच्या काळात गच्चीवरच्या अँटेनाची वायर थेट मशीनमध्ये जायची आणि मशीन स्वतःच चॅनल पकडायचं. पुढे केबल डिजिटल झाली. मुंबईत 2012 च्या अखेरीस, पुणे-नाशिक-नागपुरात 2013 च्या मार्चमध्ये आणि 2017 च्या मार्चपर्यंत देशभर. तेव्हापासून चॅनल कुलूपबंद येतात आणि किल्ली फक्त तुमच्या सेट टॉप बॉक्सकडे असते. म्हणून रेकॉर्डिंग करायचं तर ते त्या बॉक्सनेच करायला हवं. ऑनलाइन ‘एचडीएमआय रेकॉर्डर’ म्हणून काळी डबी विकतात, ती कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्यांसाठी असते. पैसे भरून घेतलेलं चॅनल तिच्यात घातलंत तर बहुधा काळा पडदा दिसेल. वस्तू परत घेण्याची मुदत संपायच्या आत कळवत जा हो, नंतर मी काय करू?

आमच्या केबलच्या बॉक्सला मागे यूएसबी आहे. म्हणजे रेकॉर्डिंग होणारच ना? (कल्याण)

नाही. भोक आहे म्हणजे सोय आहे असं नसतं, केबलवाल्याला विचारा आणि त्याच्याच हातून पाच मिनिटं रेकॉर्ड करून दाखवायला सांगा.

नवा स्मार्ट टीव्ही घेतला. दुकानदार म्हणाला, यात रेकॉर्डिंग आहे. पण मेनूत सापडत नाही. (सोलापूर)

दुकानदाराने अर्धं सांगितलं. काही टीव्हींत ही सोय असते, पण टीव्ही स्वतः पकडतो त्या चॅनलपुरतीच. तुमचं चित्र बॉक्समधून एचडीएमआयच्या वायरने येतं. टीव्ही ते दाखवतो, साठवत नाही. ‘रेकॉर्डिंग आहे’ असं कोणी म्हणालं की पुढचा प्रश्न विचारायचा: कशावरून येणाऱ्या चॅनलचं? बिल करण्याआधी विचारायचा.

डिशच्या बॉक्सला पेनड्राइव्ह लावून मालिका रेकॉर्ड केल्या. लॅपटॉपवर उघडत नाहीत. पेनड्राइव्ह बिघडला का? (कोल्हापूर)

बिघडलेला नाही. ज्या बॉक्सने रेकॉर्ड केलं त्याच बॉक्सवर दिसणार. आणि बॉक्स पहिल्यांदा पेनड्राइव्ह स्वीकारताना तो कोरा करतो, त्यामुळे नातवाच्या बारशाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह चुकूनही लावू नका.

पेनड्राइव्ह किती मोठा घ्यावा? दोन टीबीचा सातशे रुपयांना मिळतोय. (अहिल्यानगर)

तो दोन टीबीचा नाही. आत आठ-सोळा जीबीची चिप असते आणि बॉक्सला खोटा आकडा सांगायला शिकवलेली असते. सुरुवातीचे दिवस छान जातात, नंतर जुन्या रेकॉर्डिंगवर नवं चढतं आणि सगळंच गोंधळतं.

हिशेब सोपा आहे. साध्या चॅनलचा एक तास अंदाजे एक ते दीड जीबी खातो, एचडीचा तीनच्या आसपास. रोज अर्ध्या तासाच्या चार मालिका, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे बारा तास. एचडीतही चाळीस जीबीच्या आत. तेव्हा नामांकित कंपनीचा 64 जीबीचा, पावती देणाऱ्या दुकानातून. हार्ड डिस्क लावायची असेल तर आधी डीटीएच, म्हणजे डिशच्या, कंपनीला विचारा, बऱ्याच बॉक्सच्या यूएसबीतून तिला पुरेशी वीज मिळत नाही. डिस्क नुसती टकटक करते आणि लोक तीच खराब म्हणून माझ्याकडे आणतात.

आई 78 वर्षांची, साताऱ्याला एकटी असते. मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालंय. मी ठाण्यात. कमी खर्चात, वापरायला सगळ्यात सोपा रेकॉर्डिंगचा बॉक्स कोणता? (ठाणे)

मॉडेलचं नाव हवंय ना तुम्हाला? ते मी मुद्दाम देत नाही. आधी एक ऐका.

माझ्या मावशीला तिच्या मुलाने असाच बॉक्स घेऊन दिला. मुलाने पुण्याहून येऊन सगळं लावलं, रोज साडेसातचं रेकॉर्डिंग बांधून दिलं, वहीत पायऱ्या लिहून दिल्या आणि गेला. फोनवर विचारलं की मावशी म्हणायची, छान चाललंय. आठ महिन्यांनी मी गेलो आणि सहज रेकॉर्डिंगची यादी उघडली. एकही नाही! कारण मावशी सात वाजता देवापुढे दिवा लावायला उठताना भिंतीवरचं बटण बंद करायची. चाळीस वर्षांची सवय. वीज गेली की बॉक्स मेला. रेकॉर्डिंगला तो किमान स्टँडबायवर, लाल दिवा लागलेला असावा लागतो. हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मुलाला वाईट वाटेल म्हणून ती बोलली नव्हती. वही टीव्हीवर तशीच होती, वर क्रोशाचा रुमाल.

तेव्हा खरेदीच्या आधी साताऱ्याला जा, फोनवर नको. दोन संध्याकाळी आईच्या शेजारी बसा आणि हात न लावता बघा. टीव्ही कसा लावते, कशाने बंद करते, किती रिमोट आहेत, कोणता उलटा धरते. टीव्हीचा रिमोट चुकून दाबला, बॉक्सचं चित्र येतं ते ‘एचडीएमआय 1’ गेलं आणि निळा पडदा आला की ती काय करते? बहुतेक घरांत शेजारच्या मुलाला हाक मारतात. ते मूल शाळेत असतं तेव्हा टीव्ही बंदच राहतो. हा प्रश्न सोडवल्याशिवाय रेकॉर्डर आणणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं.

उपाय आहेत, स्वस्तही आहेत. बऱ्याच डीटीएच रिमोटना टीव्हीचं चालू-बंद आणि आवाज शिकवता येतो; कंपनीच्या माणसाकडून ते करून घ्या आणि टीव्हीचा रिमोट कपाटात ठेवून द्या. उरलेल्या रिमोटवरच्या नको त्या बटणांवर पुठ्ठ्याची पट्टी चिकटवा. हव्या त्या तीन-चार बटणांवर नेलपॉलिशचा ठिपका, मोतीबिंदूवाल्यांना लाल आणि पांढरा नीट दिसतो का ते आधी विचारून. भिंतीवरच्या बटणावर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी. आणखी एक: बऱ्याच स्वस्त बॉक्समध्ये एका वेळी एकच चॅनल पकडता येतं. रेकॉर्डिंग सुरू असताना आईने दुसरं चॅनल लावलं की पडद्यावर भलीमोठी सूचना येते, बहुधा इंग्रजीत. ती ‘ओके’ दाबते आणि रेकॉर्डिंग थांबतं. ही सूचना दुकानात मुद्दाम आणायला लावा आणि आईला दाखवा.

आणि हे सगळं करण्याआधी मराठी वाहिनीचं दिवसभराचं वेळापत्रक बघा. रात्रीचे भाग दुसऱ्या दिवशी सकाळी-दुपारी पुन्हा लागतात. निम्म्या आयांचं काम तेवढ्याने भागतं. नाहीच भागलं, तर घरी येऊन बसवून देणारा, आईसमोर एक रेकॉर्डिंग करून तिच्याच हाताने लावून बघणारा विक्रेता जवळपास कोण आहे ते शोधा. त्याच्याकडे जो बॉक्स असेल तो तुमचा ‘सगळ्यात सोपा’ बॉक्स. रेकॉर्डिंग सुरू करायला वेगळे पैसे घेतात का, तेही त्यालाच विचारा.

आजोबा फक्त सह्याद्री आणि बातम्या बघतात. महिन्याचं भाडं कशाला भरायचं? (बीड)

भरू नका. डीडी फ्री डिश घ्या. 2004 च्या डिसेंबरपासून चालू आहे, छत्री आणि बॉक्स मिळून एकदाच साधारण दोन हजारांचा खर्च, पुढे भाडं नाही. त्याचे कित्येक बॉक्स पेनड्राइव्हवर रेकॉर्डही करतात. बाजारात मात्र या बॉक्सच्या नावाने काहीही खपवतात. सह्याद्री लावून, रेकॉर्ड करून, परत लावून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

लोडशेडिंगमध्ये रेकॉर्डिंग तुटतं. बॉक्सला छोटी बॅटरी लावली तर? (यवतमाळ)

चालते. वायफाय राउटरला लावतात तशी. पण बॉक्सच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते बॅटरीशी जुळलंच पाहिजे. ते इलेक्ट्रिशियनला दाखवून मगच लावा, पिन बसली म्हणून लावू नका. केबलच्या वायरीवर केबलवाल्याचा बूस्टर (सिग्नल वाढवणारी डबी) असेल तर त्यालाही वीज लागते, हे लोक विसरतात.

रेकॉर्डर कशाला? अ‍ॅपवर सगळं असतं की. (पुणे)

तुमच्यासाठी असतं. झी फाइव्ह, जिओहॉटस्टार, सोनी लिव्ह यांवर मराठी मालिका सापडतात. प्रसार भारतीनेही 2024 च्या नोव्हेंबरात गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हे अ‍ॅप सुरू केलं. घरात चांगलं इंटरनेट असेल आणि रोज कोणी लावून देणार असेल तर तेच स्वस्त. पण अधूनमधून अ‍ॅप लॉगआउट होतं, ओटीपी मुलाच्या फोनवर बंगळुरूला जातो आणि मुलगा मीटिंगमध्ये असतो. मग आजी गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधते आणि तिथे बसलेला भामटा तिच्याकडून स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप उतरवून घेतो. डीटीएचचा किंवा अ‍ॅपचा नंबर बिलावरून किंवा बॉक्सवरच्या स्टिकरवरून घेऊन मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा. पैसे गेलेच तर उद्यावर टाकू नका, तत्काळ सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन आणि बँकेला फोन.

आई सहा महिने आमच्याकडे लंडनला येणार. तिचा बॉक्स आणू का, की इथला फ्रीव्ह्यू रेकॉर्डर घेऊ? (लंडन)

दोन्ही नको. तिच्या बॉक्सच्या उपग्रहाचा झोत भारतासाठी आहे आणि फ्रीव्ह्यूवर, म्हणजे तिथल्या फुकट टीव्ही सेवेवर, मराठी वाहिनी नाही. तुमच्या देशात चालणारं मराठी अ‍ॅप आहे का ते ती येण्याआधी तपासा.

जुना व्हीसीआर आणि लग्नाच्या कॅसेट आहेत. व्हीसीआर दुरुस्त करून त्यावर मालिका रेकॉर्ड होतील? (रत्नागिरी)

मालिकांचं सोडा. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी 2016 मध्ये थांबली, सुटे भाग भंगारातून काढावे लागतात. कॅसेट मात्र आज बाहेर काढा. कोकणातल्या हवेत रिळावर पांढरी बुरशी येते. बुरशी दिसली तर चालवून बघू नका, फीत तुटते आणि मशीनचं हेडही माखतं. डिजिटल करून देणाऱ्याकडे तशीच न्या. पावसाळ्यानंतर बघू म्हणणाऱ्यांच्या कॅसेट मी पाहिल्यात.

बाबा मालिकेचा एकच भाग तीन-तीनदा बघतात, म्हणून रेकॉर्डर हवाय. आवाजही इतका मोठा की शेजारी तक्रार करतात. (डोंबिवली)

बाबांना मालिका आवडते म्हणून ते परत बघत नसावेत. संवाद ऐकू येत नसतील. रेकॉर्डर राहू दे, कानाच्या डॉक्टरांकडे जा आणि ऐकण्याची तपासणी करून घ्या. कदाचित नुसता मळ निघेल आणि काम होईल. श्रवणयंत्र लागलंच तर ते टीव्हीला कसं जोडायचं ते तपासणाऱ्यांनाच विचारा. तोवर टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करणारा पर्याय असेल तर तो चालू करा, आणि सोफा भिंतीपासून दोन फूट पुढे घ्या.