सकाळी गाडीची पुढची काच आतून पांढरी होते. हीटर लावायचा की एसी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात सेकंडहँड पेट्रोल हॅचबॅक घेतली आहे, साधे फिरवायचे नॉब आहेत. डिसेंबरात सकाळी मुलांना शाळेत सोडायला निघालं की काच आतून धुरकटते. घरचे म्हणतात हीटर लाव, गॅरेजवाला म्हणतो एसी लाव. पावसाळ्यात मात्र एसी लावल्यावरच काच पांढरी व्हायची. शिवाय हीटरने पेट्रोल जास्त जातं का, हेही विचारलंय.

दोन्ही लावा, एकाच वेळी. घरचेही बरोबर आहेत आणि गॅरेजवालाही.

लाल-निळा नॉब एसी चालू किंवा बंद करत नाही. तो डॅशबोर्डच्या आतली एक झडप फिरवतो, एवढंच. ब्लोअरची, म्हणजे आतल्या पंख्याची, हवा आधी एसीच्या गार जाळीतून जाते. एसीचं बटण चालू असेल तर ही जाळी शून्याच्या थोडी वर, जेमतेम गोठणार नाही इतकी थंड असते आणि हवेतलं पाणी तिच्यावर सुटतं. गाडीखाली टपटपतं ते हेच पाणी. त्यानंतर झडप ठरवते की त्यातली किती हवा हीटरच्या गरम जाळीतून न्यायची. म्हणून एसी चालू आणि नॉब लालकडे असला की हवा आधी कोरडी होते, मग गरम होते. काच साफ करायला याहून चांगली हवा नाही. नुसत्या एसीने हवा कोरडी मिळते पण काच गारच राहते. नुसत्या हीटरने काच तापते, पण त्याला वेळ लागतो.

तर सकाळी असं करा. इंजिन सुरू झालं की एसीचं बटण दाबा आणि त्याचा दिवा लागलाय ना ते बघा. हवेच्या दिशेचा नॉब पुढच्या काचेच्या चिन्हावर न्या. खाली निमुळती, वर पसरट आणि वक्र असते ती पुढची काच. सरळ चौकोन मागच्या काचेचा, आणि घाईत लोक नेमकं तेच बटण दाबतात. तापमान पाऊण लालकडे, ब्लोअर चारपैकी तीनवर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हवा बाहेरची घ्या. गाडीच्या चित्रात आतल्या आत वळलेला बाण दिसतो ते बटण बंद हवं. जुन्या हॅचबॅकमध्ये बटणाऐवजी सरकवायची दांडी असते. ती उन्हाळ्यात एकदा आत ढकलली की दिवाळी उलटली तरी तिथेच राहते. सेकंडहँड गाडीत काच धुरकटायचं हे मला सगळ्यात आधी संशय घ्यावंसं वाटणारं कारण आहे.

पहिली काही मिनिटं हवा गारच येईल, कारण इंजिन तापलेलं नसतं. चालेल. ती कोरडी असते, त्यामुळे काच तेवढ्यानेही मोकळी व्हायला लागते. डॅशबोर्डच्या दोन टोकांना हवा येते त्या जाळ्या बाजूच्या काचांकडे, आरसे दिसतात त्या भागावर वळवून ठेवा. काच मोकळी झाली की ब्लोअर एकवर, दिशा पाय आणि काच दोन्हीकडे. हाताने किंवा रुमालाने पुसू नका. हाताचा तेलकटपणा काचेला लागतो आणि दुसऱ्या दिवशी वाफ नेमकी तिथेच आधी धरते.

बाहेरच्या हवेवर एवढा जोर का, तर चार माणसं तासाभरात श्वासातून आणि अंगातून जवळपास पेलाभर पाणी आतल्या हवेत सोडतात. आतली हवा आतच फिरवली तर ते जाणार कुठे? उलट पुण्याच्या हिवाळ्यात बाहेरची हवा तुमच्याच बाजूने असते. बाहेर १० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली, तरी तीच हवा गाडीत २२ अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास उतरते. एसी बंद पडलेला असेल तर दोन खिडक्या बोटभर खाली घेऊनही हिवाळ्यात काम भागतं ते यामुळेच.

आता पावसाळा. तुमची ती काच बहुधा आतून नाही, बाहेरून पांढरी होत होती. वायपर फिरवून बघायचं: पुसली गेली तर वाफ बाहेर आहे. जुलैत बाहेर २४ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर साधारण २२ अंशांखाली गेलेल्या कुठल्याही काचेवर पाणी सुटतं, थंड पाण्याच्या बाटलीवर सुटतं तसंच. एसीची गार हवा थेट काचेवर सोडली की काच त्याखाली जाते. इथे उपाय उलटा आहे: वायपर एकदा मारा, हवेची दिशा काचेवरून काढून तोंडाकडे किंवा पायांकडे न्या, तापमान थोडं वाढवा. एसी बंद करू नका. ताम्हिणीत किंवा लोणावळ्याच्या ढगात शिरल्यावर लोक नेमके घाबरून एसी बंद करतात. मग एसीच्या ओल्या जाळीवरचं पाणी ब्लोअरच्या हवेत परत मिसळतं आणि काच अर्ध्या मिनिटात आतूनही पांढरी होते. बाहेरून-आतून दोन्हीकडे पांढरी झालेली काच आणि समोर वळण, म्हणजे बाजूला घेऊन थांबण्यावाचून इलाज नाही.

पावसाळ्यात नुसती बाहेरची हवा पुरत नाही, कारण तीच ओली असते. तेव्हा एसी हवाच. ओल्या छत्र्या आणि रेनकोट डिकीत टाका, आणि पायांखालचे मॅट रात्री काढून घरात वाळवा. मॅटमध्ये मुरलेलं पाणी सकाळी काचेवर येतं.

पेट्रोलचं म्हणाल, तर हीटरला वेगळं इंधन लागत नाही. इंजिन थंड ठेवणारं आणि तिथे तापलेलं कूलंट, साधारण ९० अंशांचं, एका छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे हीटरच्या त्या गरम जाळीतून, फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. ती उष्णता एरवी पुढच्या रेडिएटरमधून वायाच जाणार होती. एसीला मात्र इंधन लागतं, कारण त्याचा कॉम्प्रेसर इंजिनच्या जोरावर फिरतो. काच मोकळी झाल्यावर, कोरड्या हिवाळ्यात, एसी बंद करून नुसता हीटर ठेवला तर चालतो. विजेच्या गाडीत इंजिनची फुकट उष्णता नसते. तिथे हीटर बॅटरीवर चालतो आणि रेंज कमी होते, हा फरक लक्षात असू द्या.

आतली हवा फिरवायचं बटण वाईट आहे असं नाही. कात्रजच्या बोगद्यात, धूर सोडणाऱ्या डंपरच्या मागे, किंवा एप्रिलमध्ये उन्हात उभी गाडी गार करताना ते लावायचंच. उन्हात मात्र आधी काचा उघडून एक-दोन मिनिटं गाडी चालवा, आतली भट्टी बाहेर जाऊ द्या, मग काचा बंद करून हे बटण. पण एक्स्प्रेसवेवर तासभर ते तसंच ठेवलं तर श्वासाची हवा साचून जड वाटायला लागतं आणि डोळ्यांवर पेंग येते. दर वीसेक मिनिटांनी थोडा वेळ बाहेरची हवा घ्या.

सेकंडहँड गाडी असल्यामुळे अजून काही गोष्टी तपासा. केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारा फिल्टर, बहुतेक गाड्यांत ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. बॉक्स दोन्ही बाजूंनी आत दाबून खाली सोडला की झाकण दिसतं. पुण्यात जागोजाग बांधकामं आणि खोदकामं चाललेली असताना तो वर्षातून एकदा किंवा १०,००० किलोमीटरला बदलायला हवा. बसवताना त्यावरचा बाण हवेच्या दिशेने ठेवा. काही छोट्या गाड्यांत कंपनीने फिल्टर दिलेलाच नसतो, नुसतीच जागा असते, तेही बघून घ्या. फिल्टर तुंबला की ब्लोअर चारवर ठेवून आवाज येतो, हवा येत नाही.

डाव्या सीटसमोरचा गालिचा ओला लागतो का? स्वच्छ, वास नसलेलं पाणी असेल तर बहुधा एसीचं पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली आहे, ती फुंकून मोकळी होते, किरकोळ काम आहे. पण तेच चिकट असेल, गोडसर वास येत असेल, आणि हीटर लावल्यावर काचेवर तेलकट थर धरत असेल, तर हीटरची जाळी गळते आहे. ते कूलंट विषारी असतं. लहान मुलं बसणार असतील तर हे काम पुढे ढकलू नका. यात बऱ्याचदा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणून मजुरी सुट्या भागापेक्षा जड जाऊ शकते. आधी अंदाज लिहून घ्या.

हीटर कोमटच येत असेल, तर इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या टाकीत पातळी बघा. गरम असताना झाकण उघडायचं नाही, उकळतं पाणी अंगावर येतं. पातळी ठीक असेल आणि हायवेवर तापमानाचा काटा खालीच राहत असेल, तर बहुधा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला पुढच्या रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडा अडकला आहे. काटा मध्यावर, तरी हवा कोमट, तर मेकॅनिकला इंजिनच्या मागच्या भिंतीतून आत जाणाऱ्या हीटरच्या दोन नळ्या बघायला सांगा. एक कडक तापलेली आणि दुसरी बरीच गार असेल तर जाळी तुंबली आहे. दोन्ही गरम असतील तर नॉबची केबल सुटली आहे किंवा झडप अडकली आहे. तुंबण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आधीच्या मालकाने कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतत राहणं. क्षार आत बसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, किंवा तयार मिश्रण. नळाचं पाणी फक्त अडल्या वेळी.

मागच्या काचेच्या आडव्या तारांचं बटण इंजिन चालू असतानाच वापरा. बऱ्याच गाड्यांत ते दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद होतं. नसेल होत तर काच साफ झाल्यावर तुम्ही करा, बॅटरीवर बराच भार असतो. ती काच पुसताना फडकं तारांच्या दिशेने फिरवा, आणि तिथे चिकटलेला जुना स्टिकर ब्लेडने खरवडू नका. एक तार तुटली की तेवढी पट्टी धुरकट राहते.

राहिला एसीचा कुबट वास. घर यायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून ब्लोअर चालू ठेवला तर जाळी वाळते आणि बुरशी धरत नाही. फक्त हे कोरड्या दिवसात करा. पावसात केलंत तर सोसायटीच्या गेटमध्ये वळतानाच काच पांढरी होईल.