मदत, अनुदान की कर्ज? परदेशी पैशाला काय म्हणायचं?

पुसद तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे : परदेशांना पैसा पुरवणारी अमेरिकेची सरकारी ‘यूएसएड’ संस्था 2025 मध्ये बंद झाली, त्या बातम्यांत कुठे ‘मदत’, कुठे ‘अनुदान’, कुठे ‘अर्थसाहाय्य’ छापून येतं. आमच्याकडे गारपिटीनंतर ‘मदत आली का?’ एवढंच विचारतात. यातला बरोबर शब्द कोणता?

शब्द सगळेच बरोबर आहेत, पण एकमेकांच्या जागी चालणारे नाहीत. ‘मदत’ मूळ अरबी ‘मदद’, फारशीतून आपल्याकडे आला. ‘अर्थसाहाय्य’ हे त्याचंच कचेरीतलं रूप. पैसा परत करायचा की नाही, हे दोन्हींतून कळत नाही. मेळघाटात हा फरक कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आदिवासी कुटुंबांना पावसाळ्यात पोटापाण्यासाठी मिळणारं खावटी कर्ज फेडायचं असे. 2020 मध्ये जाहीर झालेलं चार हजारांचं खावटी अनुदान, अर्धं रोख नि अर्धं किराण्याच्या रूपात, फेडायचं नव्हतं.

परदेशी व्यवहारात मात्र सगळ्यावर ‘मदत’ हेच पांघरूण. पीएल-480 चा, म्हणजे जादा धान्य इतर देशांना देण्याच्या अमेरिकी कायद्याखाली आलेला गहू घ्या. 1956 च्या करारानंतर आलेला हा गहू बहुतांशी फुकट नव्हता, आपण तो रुपयांत विकत घेत होतो. 1965-66 च्या दुष्काळात तर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी जहाजं हात आखडून, थोडी थोडी सोडली. भारताने शेतीचं धोरण बदलावं हा आग्रह त्यामागे होता, तसाच व्हिएतनामवरच्या आपल्या टीकेचा रागही. याला मी ‘सवलतीची, अटींसह विक्री’ म्हणेन.

1991 मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि देश आपल्या गटात राखायला पैसा देण्याचं जुनं कारण संपलं. मग द्यायचं कशासाठी, हा तेव्हाचा प्रश्न आज पुन्हा उभा आहे. आफ्रिकेत एचआयव्हीच्या औषधांना मिळणारा अमेरिकी पैसा अनुदान होता. तो थांबला की रोग्याची गोळी थांबते. धरणाचं कर्ज थांबणं ही वेगळी गोष्ट. बातमीदाराने हे वेगळं लिहिलंच पाहिजे.

एक अडचण उरते. श्रीमंत देश आपल्या कापूस उत्पादकांना देतात त्यालाही मराठीत ‘अनुदान’च म्हणतात. त्याने जगात कापसाचा भाव पडतो, म्हणून बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली यांनी 2003 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत ते बंद करण्याची मागणी केली. यवतमाळच्या कास्तकाराचं दुखणंही तेच. एकाच बातमीत दोन्ही आले तर दुसऱ्याला सरळ ‘सबसिडी’ लिहा.